नबुकीराची शुक्रवारची यादी

नबुकीरा माझ्या चार नंबरच्या खोलीत नऊ वर्षं राहिली. काम्पाल्याच्या कडेला, क्येंगेऱ्यात, माझ्या आवारात एका ओळीत सहा खोल्या आहेत, समोर सगळ्यांचा मिळून एक ओटा आणि कपड्यांच्या दोऱ्या. भाडेकरू येतात, जातात. काहींची तर मला आता नावंही आठवत नाहीत. हिचं मात्र लिहून ठेवावंसं वाटलं. माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा लिहीन ते बोलल्यासारखंच होणार. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

तिला वाचायचं वेड होतं. तेही मोबाइलवर. दोरीवर चादर टाकायची, एक चिमटा लावायची आणि दुसरा चिमटा दातात धरून तशीच वाचत उभी राहायची. चुलीवरच्या घेवड्याला करपल्याचा वास सुटला तरी हिचं नाक मोबाइलात. एकदा मी विचारलंच.

"काय गं वाचतेस एवढं? कुणी लग्नाचं विचारलंय का?"

"गिऱ्हाइकाचा अनुभव वाचतेय, जाज्जा." जाज्जा म्हणजे आजी, आवारात सगळे मला तसंच म्हणतात.

"कुठलं गिऱ्हाईक?"

"कुठलंही. गिऱ्हाईक दुकानात आलं, त्याला कसं वाटलं, ते परत का आलं, का नाही आलं. आणि धंद्यात नवीन काय करता येईल. यावर लोक मोठमोठे लेख लिहितात. नैरोबीत लिहितात, अमेरिकेत लिहितात, जपानात लिहितात."

"आणि ते लेख लिहिणारे काय विकतात?"

ती जरा विचारात पडली. "बहुतेक काहीच नाही."

नकासेरोच्या बाजारात मी एकतीस वर्षं मटोक्याचे, म्हणजे रांधायच्या हिरव्या केळ्यांचे, घड विकले. मी म्हटलं, "त्यांना सांग, मला येऊन विचारा. गिऱ्हाईक परत येतं, कारण घड उचलून द्यायच्या आधी मी त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करते. आणि परत येत नाही, कारण तेवढ्यात शेजारची बाई त्याला मोठा घड दाखवते."

मला वाटलं ती हसेल. तिने ते लिहून घेतलं.

ती एका गॅसच्या कंपनीत होती. कंपनी गावोगावी शेगड्या आणि छोटे सिलिंडर विकायची आणि नकाव्याला तिचं मोठं ऑफिस होतं. तिथल्या फोनच्या खोलीत नबुकीरा मुख्य, आणि तिच्या हाताखाली अकरा बायका. ज्याची शेगडी पेटत नाही, ज्याला गॅसचा वास येतो, ज्याला नुसतीच भीती वाटते, तो या खोलीत फोन करायचा. आमच्या बायकांनी जन्मभर कोळशावर रांधलेलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या आगीची त्यांना भीती वाटणारच.

खरं तर तिला मास्तरीण व्हायचं होतं. ल्यांतोंड्याला आईकडे दोन एकर केळी आणि पाच भावंडं, त्यात मास्तरकीचं शिक्षण राहून गेलं. मग तिने फोनच्या खोलीचीच शाळा केली. आठवडाभर जे वाचायची त्यातलं पाच निवडायची. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहायची, की हे का वाचावं, यातलं काय आपल्या कामाचं आणि काय नाही. शुक्रवारी दुपारी ती यादी सगळ्या ऑफिसला पाठवायची. वर लिहिलेलं असायचं, 'या आठवड्यात वाचण्यासारखं'. पाचही लेखांखाली कधीकधी सहावी ओळ असायची, 'क्येंगेऱ्याची एक व्यापारी म्हणते', आणि त्यापुढे माझं काहीतरी. मला हे दोन वर्षांनी कळलं. आधी मी रागावले, मग एक नवी गोमेसी शिवून घेतली. नाव झालेल्या बाईने जुनी नेसून कसं चालेल?

यादी कुणी वाचत नसे. हे मला नान्तेझाने सांगितलं. नान्तेझा त्या अकरा जणींतली सगळ्यात तिखट तोंडाची. रविवारी दोघी माझ्या ओट्यावर शेंगदाणे सोलायला बसायच्या.

"न्याबो, तुझ्या यादीत बाळंतपणाची सुट्टी वाढवून मिळेल असा एखादा लेख आहे का?" नान्तेझा विचारायची. न्याबो म्हणजे बाईसाहेब.

"तू उघडून बघितलीस तर कळेल ना."

"मी उघडते गं. उघडते आणि बंद करते. मोबाइल म्हणतो, मला झोप आली."

"सहा वर्षं झाली," नबुकीरा मला म्हणाली, "एकानेही उलट लिहिलं नाही. चूक आहे असंसुद्धा नाही."

"मग लिहितेस कशाला?"

"जाज्जा, तुम्ही बाजारात कुणी नसलं तरी घड मांडून ठेवायचात ना?"

मांडून ठेवायचेच.

आता फोनच्या खोलीतलं बोलणं कसं चालायचं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्यात कुणी आल्या आल्या रडगाणं सांगत नाही. आधी विचारपूस. रात्र कशी गेली? बरी गेली. हं. कामाला शाबास. तुमच्याही. हं. तिकडचं काय? अजून तसंच, बरं आहे. घरचे आहेत? आहेत. हं. हं. हे सगळं होईपर्यंत सगळं बरंच असतं. घर पडलेलं असलं तरी बरं असतं. हुंकार संपले, जरा थांबलं, की मग माणूस म्हणतो, "फक्त एवढंच, की..." आणि त्यापुढे काय ते येतं. आधीच सांगणं म्हणजे समोरच्याच्या अंगावर राख फेकणं. माझ्या नवऱ्याच्या मरणाची बातमी माझ्या दिराने अशीच आणली. बसला, पाणी प्यायला, सगळं बरं म्हणाला, आणि मग, फक्त एवढंच.

नबुकीराने खोलीतल्या बायकांना पक्कं सांगून ठेवलं होतं, की गिऱ्हाइकाची विचारपूस तोडायची नाही. कालुंगूची एक नालोंगो, म्हणजे जुळ्यांची आई, माझ्याच वयाची, ती दर वेळी सिलिंडर बदलला की फोन करायची. नबुकीरा आणि ती आधी शेळ्यांचं बोलायच्या, मग जुळ्यांपैकी जो काम्पाल्याला असतो त्याचं, मग म्हातारी म्हणायची, फक्त एवढंच, की हे नळीचं टोक मी बरोबर बसवलंय का. नबुकीरा तिच्याकडून साबणाचं पाणी लावून घ्यायची. बुडबुडा आला का? नाही आला. मग निजा आता निवांत.

यादीच्या सहाव्या वर्षी नवा साहेब आला. लुयोम्ब्या. नाव आपलं, वाढ सगळी परदेशातली. आपली भाषा त्याला कळायची, पण चपला बाहेर न काढता घरात शिरल्यासारखी बोलायचा. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहितेय. आल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्याने नबुकीराला बोलावलं आणि म्हणाला, "ही यादी तू काढतेस? मी मागच्या सगळ्या वाचल्या."

ती संध्याकाळी आली ती हातात कोंबडी घेऊनच. केळीच्या पानात शेंगदाण्याच्या रश्श्यात कोंबडी वाफवली, सहाही खोल्यांना वाटली. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"सगळ्या वाचल्या, जाज्जा. तीनशे. कुठल्या आठवड्यात काय होतं ते त्याला पाठ आहे. मला म्हणाला, तू या खोलीत कशी काय अडकलीस?"

"अडकलीस म्हणाला?"

"चांगल्या अर्थाने हो."

मी कोंबडीचं हाड चोखत राहिले. तिच्या आनंदात मला खडा टाकायचा नव्हता.

त्याने तिला विचारलं, की तुमच्या खोलीतला सगळ्यात मोठा गुण कोणता? ती म्हणाली, विचारपूस. तो म्हणाला, दाखव. आता तिने कुठल्यातरी लेखात वाचलेलं, आणि यादीतही घातलेलं, की साहेबलोकांना एखादी गोष्ट पटवायची तर ती मोजून दाखवावी. म्हणून एक महिना तिने बायकांकडून विचारपूस मोजून घेतली. घड्याळ लावून. एका फोनमागे सरासरी बावन्न सेकंद. आणि ज्या गिऱ्हाइकांशी जास्त विचारपूस झाली ती दुसऱ्या कंपनीकडे गेली नाहीत, हेही तिने त्याच कागदावर दाखवलं. रंगीत खांब काढले होते. मला आणून दाखवले. चित्र सुंदर होतं.

लुयोम्ब्याने बावन्न पाहिलं. बाकीचे खांब त्याने पाहिले की नाही, कोण जाणे.

पुढच्या महिन्यात त्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं, की फोन आता यंत्र घेणार. यंत्र आपल्या भाषेत बोलेल, बाईच्याच आवाजात. कल्पना कुठून आली तेही सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारच्या यादीत तिसऱ्या नंबरवर एक लेख होता, एका परदेशी कंपनीने फोनवर माणसांच्या जागी यंत्र कसं बसवलं त्यावर. खाली नबुकीराने लिहिलं होतं, 'आपल्याला हे पटणार नाही, तरी वाचावं, दुसरी बाजू माहीत असावी.' लुयोम्ब्या सगळ्यांसमोर म्हणाला, "याचं श्रेय नबुकीराकडे जातं." आणि टाळ्या वाजवल्या. अकरा बायकांपैकी एकीनेही हात हलवला नाही.

त्या अकरा जणींना महिनाअखेर घरी पाठवलं. नबुकीराला ठेवलं, यंत्राला शिकवायला.

नान्तेझा त्या रविवारी माझ्या ओट्यावर आली, पण शेंगदाण्यांना हात लावला नाही.

"जाज्जा, तुमच्या भाडेकरणीने घरात नवी सून आणली. ना खाते, ना अंगावर पितं पोर असतं तिच्या, ना नवऱ्याने मारलं म्हणून उशिरा येते."

नबुकीरा म्हणाली, "नान्तेझा, मी तो लेख नको म्हणूनच..."

"सहा वर्षं तू आम्हाला वाचा वाचा म्हणालीस. आम्ही वाचलं नाही, आमचं चुकलं. एकाने वाचलं, त्याने आमचं सगळं संपवलं. आता तू शुक्रवारी काय पाठवणार आहेस, ते मला आधीच सांग. मी पोराबाळांना घेऊन गावाला जाते."

ती गेली ती परत आली नाही.

नबुकीराने ठरवलं, की निदान यंत्राला विचारपूस शिकवायची. तिने यंत्रासाठी हुंकारसुद्धा लिहिले, कुठे एक, कुठे दोन. परदेशातल्या ज्यांनी यंत्र बनवलं होतं त्यांनी ते काढून टाकले. त्यांना ते आवाजातला बिघाड वाटला. यंत्र सुरू झालं. ते म्हणायचं, "नमस्कार, आपली काय अडचण आहे?" आणि माणसं म्हणायची, "काही नाही बाई, सगळं बरं आहे. तुमची रात्र कशी गेली?" यंत्र म्हणायचं, "सगळं बरं आहे हे ऐकून आनंद झाला. धन्यवाद." आणि फोन बंद. पडद्यावर हिरवी खूण यायची, गिऱ्हाईक समाधानी.

पहिल्याच आठवड्यात दहातली चार गिऱ्हाइकं समाधानी झाली. फोनच्या खोलीच्या सगळ्या वर्षांत इतकं समाधान झालं नव्हतं.

"साहेब, ते अजून विचारपूसच करताहेत," नबुकीरा त्याला म्हणाली. "अडचण त्यांनी सांगितलेलीच नाही."

"पण ते स्वतः म्हणतात, सगळं बरं आहे."

"ते सगळेच म्हणतात."

"मग सगळ्यांचंच बरं असेल." तो हसला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "हे बघ, मला पुरावा दे. एक तरी गिऱ्हाईक दाखव, जे अडचण घेऊन आलं आणि न सांगता गेलं. माझ्या डोळ्यांसमोर. मी त्याच दिवशी यंत्र थांबवतो आणि तुझ्या बायकांना परत बोलावतो."

हे तो नुसतं बोलायला म्हणाला नव्हता. नबुकीराने गुरुवार ठरवून घेतला. आणि गिऱ्हाईक म्हणून मला नेलं.

माझ्याकडे त्यांचीच शेगडी होती. मी विचारलं, "मी काय बोलू?"

"काही वेगळं नका बोलू, जाज्जा. तुमच्या शेगडीची नळी गळते असं समजा आणि नेहमीसारखा फोन करा. बस्स."

मी ती नवी गोमेसी नेसले. लिफ्टने वर गेलो. काचेच्या खोलीत तिघं होतो, मी, नबुकीरा आणि लुयोम्ब्या. तो घाईत होता. खाली परदेशातले पाहुणे येऊन बसले होते. माझ्याकडे बघून मान हलवली, खुर्ची दाखवली. विचारपूस केली नाही, पण मला त्याचं नवल वाटलं नाही. त्याच्या आईने शिकवलं नसेल.

मी फोन लावला. यंत्रातली बाई म्हणाली, "नमस्कार, आपली काय अडचण आहे?"

खरं सांगते, मी मनात ठरवूनही पाहिलं, की एकदा थेट सांगून बघावं, जमतं का. तोंड वळलंच नाही. मी म्हटलं, "कामाला शाबास, मुली. रात्र कशी गेली?" यंत्र जरा गप्प. मी म्हटलं, "इकडे सगळं बरं आहे. तिकडचं काय?" यंत्र म्हणालं, "सगळं बरं आहे हे ऐकून आनंद झाला. धन्यवाद." टुक. हिरवी खूण.

नबुकीरा नुसती लुयोम्ब्याकडे बघत राहिली. आणि त्याला कळलं. मी बाजारात माणसांचे चेहरे वाचूनच पोट भरलंय, मला दिसलं. तो पडद्याकडे बघत होता, कपाळावर आठी होती. एका हाताने टेबलावर टकटक करत होता. मग खालून कुणीतरी त्याला फोन केला, की पाहुणे वाट बघताहेत. तो उठला. दारापर्यंत गेला, थांबला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "कसं वाटलं, जाज्जा? ठीक आहे ना?"

आणि मी म्हटलं, "ठीक आहे, बाबा. कामाला शाबास. घरचे कसे आहेत?"

बहात्तर वर्षं माझं तोंड हेच म्हणत आलंय. त्याने मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं, मला वाटलं विचारपूस सुरू झाली. मी त्याच्या उत्तराची वाट बघत होते, मग एक हुंकार देणार होते, आणि मग सांगणार होते, की फक्त एवढंच, तुमच्या त्या बाईने माझं ऐकून घेतलं नाही. शब्द जिभेवर तयार होते.

त्याच्या कपाळावरची आठी गेली. तो नबुकीराला म्हणाला, "बघ, त्या स्वतः म्हणताहेत."

"साहेब, थांबा, त्या अजून..."

"मी त्यांनाच विचारलं, नबुकीरा. तुला नाही." आणि तो लिफ्टमध्ये शिरला.

मी उठून मागे जायला हवं होतं. हाक मारायला हवी होती. पाठ फिरवलेल्या माणसाला मागून हाक मारू नये असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. मी खुर्चीच्या हातांना धरून अर्धी उठले आणि तशीच राहिले. लिफ्टचं दार बंद झालं.

परत येताना टॅक्सीत मी तिला म्हटलं, "मला शिव्या दे."

"तुम्ही काय केलंत, जाज्जा? मीच म्हटलं होतं ना, काही वेगळं बोलू नका."

तिने नंतर त्याला लांबलचक पत्र लिहिलं. दोनदा भेटायची वेळ मागितली. उत्तर आलं, की पडताळणी झालेली आहे. महिन्याभराने यंत्र शिकलं असं ठरलं आणि तिलाही काढलं. निरोपाला केक कापला म्हणे.

नंतर ती दिवसभर खोलीत असायची. नोकरीसाठी अर्ज लिहायची. शुक्रवार आला की दुपारी उगाच अंगण झाडायची.

तिसऱ्या आठवड्यात मी ओट्यावर मटोके सोलत होते आणि रेडिओ चालू होता. बातमी आली. कालुंगूला गॅस गळून स्वयंपाकघर पेटलं, एक वृद्ध बाई भाजली. पुढे कंपनीचं म्हणणं वाचून दाखवलं. बाईने आदल्या दोन दिवसांत तीन वेळा फोन केला होता आणि तिन्ही वेळा सगळं बरं असल्याचं तिने स्वतः सांगितलं, याची नोंद कंपनीकडे आहे.

नबुकीरा दारात उभी होती. हातात झाडू होता. तो तिने भिंतीला नीट टेकवून ठेवला.

"नालोंगो आहे ती," म्हणाली. "दुसरं कुणी तीन वेळा फोन करणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मसाक्याला गेलो, कालुंगूच्या भाजलेल्या माणसांना तिथल्याच इस्पितळात नेतात. वाटेत लुकायाला गाडी थांबली, खिडकीत भाजलेल्या मांसाच्या काड्या आल्या, तिने तोंड फिरवलं. मीही काही घेतलं नाही.

नालोंगो इस्पितळातल्या कडेच्या खाटेवर होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. भुवया जळलेल्या, त्यामुळे चेहरा नुकत्याच जन्मलेल्या पोरासारखा दिसत होता. तिची बहीण तिला चमच्याने पेज भरवत होती. नबुकीरा खाटेशी गुडघे टेकून बसली, मोठ्यांपुढे बसतात तशी. माझे गुडघे आता वाकत नाहीत, मी टेकले स्टुलावर.

"रात्र कशी गेली, नालोंगो?" नबुकीरा म्हणाली.

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. उत्तर दिलं नाही. बहिणीचा चमचा हवेतच थांबला.

"घरचे आहेत?" नबुकीराने पुढचं विचारलं. "शेळ्या?"

"तो आवाज तुझा," नालोंगो म्हणाली.

"हो, न्याबो. माझाच."

"तीनदा फोन केला. नळीला बुडबुडे येत होते. साबणाचं पाणी लावलं होतं मी. तीनदा केला."

"मी नव्हते तिथे. मला काढलं होतं."

"मला काय माहीत? मला वाटलं, तूच आहेस आणि रागावली आहेस. मी विचारत होते आणि तू हुंकारसुद्धा देत नव्हतीस."

एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे केलं. इतक्या वर्षांत कुणी पाहुण्याची विचारपूस न घेता असं तोंड फिरवलेलं मी पाहिलं नव्हतं. बहिणीने पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. गुडघ्यावर बसलेल्या माणसाला आपल्यात समोरचा हुंकार देऊन उठवतो. तो हुंकार आला नाही. नबुकीरा बसूनच राहिली, किती वेळ ते सांगता येत नाही. शेवटी परिचारिका औषधाची गाडी घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, वाटेतून बाजूला व्हा." तेव्हा मी तिला काखेत हात घालून उठवलं.

परतीच्या गाडीत तिचा मोबाइल वाजला. नैरोबीचा कुणी ओळखीचा, तोही अशाच याद्या काढणारा. त्याने तिला एक लेख पाठवला होता, अवश्य वाच म्हणून. तिने उघडला आणि बराच वेळ वाचत बसली. मी म्हटलं, मोठ्याने वाच. तिने आपल्या भाषेत करून सांगितलं. लेख लुयोम्ब्याचा होता, आगीच्या आधी लिहिलेला. फोनची खोली बंद करून गिऱ्हाइकांचं समाधान दुप्पट कसं झालं, यावर. त्यात एक म्हातारी होती. आयुष्यभर बाजारात केळी विकलेली, अक्षरशत्रू नव्हे पण जवळपास तशीच. तिला यंत्रावर बोलायला लावलं आणि नंतर विचारलं, कसं वाटलं?

"मी काय म्हणाले ते लिहिलंय?" मी विचारलं.

"लिहिलंय. 'ठीक आहे.'"

"पुढचं?"

"पुढचं नाही."

"घरचे कसे आहेत, ते?"

"नाही, जाज्जा."

खाली लिहिलं होतं, हा लेख किती जणांनी दुसऱ्यांना वाचायला सुचवला. आकडा मोठा होता. तिने तो मला दाखवला, मी आकडे वाचू शकते. गाडी मपीगीच्या पुढे येईपर्यंत तो आणखी तिघांनी वाढला.

"कुणाच्या तरी शुक्रवारच्या यादीत जाईल हा," ती म्हणाली. "मीसुद्धा घातला असता. चांगला लिहिलाय."

महिनाअखेरीला तिने खोली सोडली. ल्यांतोंड्याला आईकडे केळी खुरपते असं कळलं. ती सामान बांधत होती तेव्हा मी तिला म्हटलं, त्या साहेबाला मी परत जाऊन भेटते, सगळं नीट सांगते. खरंच म्हटलं होतं. दोनदा गेले नकाव्याला. पहिल्या वेळी दारावरचा माणूस म्हणाला, साहेब परदेशी गेलेत, त्या लेखावर भाषण द्यायला. दुसऱ्या वेळी त्याने मला तिथल्या भिंतीवरच्या फोनचं बटण दाबून दिलं आणि म्हणाला, काय असेल ते इथे सांगा, जाज्जा, लगेच ऐकून घेतात. आतून तीच बाई म्हणाली, आपली काय अडचण आहे. माझ्यामागे तीन माणसं उभी होती, आणि विचारपुशीशिवाय मला काही सांगता येणार नव्हतं. मी फोन परत अडकवला आणि घरी आले.